विमानाचे हलके एंजिन आणि ‘फिरते’ ह्या शब्दाचा घोटाळा

नरसी नामदेवसारख्या कयाधूकाठच्या गावी पाणी उपसावयास बसविलेल्या डिझेल-एंजिनाचे वजन कोणास खुपत नाही. उलट त्याच्या जड चाकामुळे गती सारखी राहते. विमानात मात्र एंजिनाचा प्रत्येक किलोग्रॅम उचलून न्यावा लागतो. म्हणून वैमानिक अंतर्ज्वलन-एंजिनाच्या संशोधनात अश्वशक्ती कायम राखून वजन कसे घटवावे, हा प्रश्न प्रथम येतो.

त्याचे एक उत्तर फेलिक्स वांकेल ह्या जर्मन संशोधकाने दिले. त्याचे एंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले. त्यात वर-खाली होणारा दट्ट्या नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर, मध्ये किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत फिरतो. त्याच्या तीन बाजूंस तीन कप्पे होतात, आणि प्रत्येकात मिश्रण घेणे, दाबणे, पेटविणे व धूर बाहेर टाकणे ही कार्ये क्रमाने घडतात. रोटरच्या एका फेऱ्यात दंडाचे तीन फेरे होतात. म्हणजे दंडाच्या दर फेऱ्यास एक स्फोट. एका सिलिंडरच्या चतुर्घाती एंजिनात तो दोन फेऱ्यांतून एकदाच होतो.

येथे परिभाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘रोटरी’ हेच नाव पहिल्या महायुद्धातील विमानांच्या एका निराळ्याच एंजिनास होते. त्यात दंड स्थिर राही आणि सिलिंडरच गरगर फिरत. दोहोंस ‘फिरते एंजिन’ म्हटल्यास इंग्रजीतील घोटाळा आपण विनाकारण उसना घेऊ. ‘फिरत्या सिलिंडरांचे’ व ‘फिरत्या रोटरचे’ ही नावे लांबट खरी, पण निर्दोष आहेत.

वजन वाचते, त्याची किंमत अन्यत्र द्यावी लागते. रोटरच्या टोकांवरील पट्ट्या भिंतीवर अखंड घासतात, आणि स्फोट नेहमी एकाच बाजूस होत असल्याने भिंत विषम तापते. भारतातील प्रयत्नाचे मर्म ह्या भिंतीतच होते. बेंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज ह्या संस्थेने अल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतकाम आणि त्यावरील निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप सिद्ध केला. प्रज्वलन व इंधनपुरवठा ह्यांची बाजू अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) व्हीआरडीई ह्या संरक्षण-संशोधन संस्थेने सांभाळली. सुमारे ३० किलोग्रॅम वजनाचे हे ५५ अश्वशक्तीचे एंजिन घेऊन २००९ मध्ये कोलार येथे ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान उडाले.

तथापि लांबट, चपट्या कप्प्यात ज्वाला कोपऱ्यांपर्यंत नीट पोचत नाही व इंधन अधिक लागते. तासन्‌तास आकाशात राहावयाचे असेल, तर जादा इंधनाचा भार एंजिनात वाचविलेले वजन गिळून टाकतो. ‘तपस’ ह्या दीर्घकाळ उडणाऱ्या विमानासाठी व्हीआरडीईने पुढे दट्ट्याचेच डिझेल-एंजिन हाती घेतले.