बाबा, त्याचा काढा नको!

रविवारची सकाळ. मी अजून अर्धवट झोपेत आणि बाबा पार्किंगमधून विजयी मुद्रेने वर. हातात गुलमोहराच्या बुंध्यावरून उपटलेला, वॉर्निश मारल्यासारखा चकचकीत तपकिरी पंखा. "हेच ते रेशी मशरूम! शुगरवर रामबाण. लोक कॅप्सूलला पैसे मोजतात, आपल्याकडे फुकट उगवलंय." गॅसवर पातेलंही चढलं होतं.

मी मैत्रिणीला फोन लावला. ती लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर पीएचडी करतेय. ग्रुपमध्ये तिचं नाव 'बुरशीबाई'. "काकांना आधी गॅस बंद करायला सांग," म्हणाली आणि अर्ध्या तासात स्कूटीवरून हजर.

"काका, हा गॅनोडर्मा असणार, इथवर तुमचं बरोबर. पण ते नुसतं आडनाव झालं. कुलकर्णी म्हटलं म्हणून कुठल्याही कुलकर्ण्यांकडे जेवायला जाल का?"

बॉस, या आडनावाचा घोळ जाम इंटरेस्टिंग आहे. १७८१ मध्ये विल्यम कर्टिसने इंग्लंडमधल्या एका बुरशीला 'ल्युसिडम' म्हणजे चकचकीत असं नाव दिलं. पुढे चकचकीत दिसेल त्याला जगभर तेच लेबल! चीनमधली प्रसिद्ध औषधी बुरशीही ल्युसिडम म्हणूनच मिरवली. २०१२ मध्ये संशोधकांनी ती वेगळी जात ठरवून 'लिंगझी' नाव दिलं, तर १९८३चं 'सिचुआनेन्स' हेच तिचं खरं नाव, असा दुसऱ्यांचा दावा. थोडक्यात, पाकिटावर ल्युसिडम लिहिलंय म्हणून आत तेच असेल, याची खात्री नाही.

मग नवीन जात ठरते कशी? आधी कुठल्या झाडावर, कधी सापडली याची नोंद. खालच्या बाजूची छिद्रं मिलिमीटरमध्ये किती, ते मोजायचं. पातळ काप मायक्रोस्कोपखाली, बीजाणूंची लांबी-रुंदी. शेवटी डीएनएचा 'आयटीएस' तुकडा आधीच्या नोंदींशी ताडून पाहायचा. सगळं वेगळं निघालं, तर वर्णन छापायचं आणि मूळ नमुना संग्रहात कायमचा जपायचा. (पुण्यात आघारकर संस्थेत बुरशीचा असा संग्रह आहे.) २०११ अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्ये लागायचं, २०१३पासून नावाला नोंदणी क्रमांक सक्तीचा. म्हणजे बुरशीलाही आधार कार्ड!

२०२३च्या क्यू गार्डन्सच्या अहवालानुसार जगात बुरशीच्या अंदाजे २५ लाख जाती आहेत. नावं मिळालीत जेमतेम दीड लाखांना. मग आमच्या पार्किंगमधली कोण? "काप बघितल्याशिवाय सांगणार नाही," बुरशीबाई ठाम. "आणि शुगरच्या गोळ्या चालू असताना बिननावाचा काढा अजिबात नको."

खाली जाऊन तिने गुलमोहराचा बुंधा ठोकून पाहिला. आवाज पोकळ. ही बुरशी लाकडाला ताकद देणारं लिग्निनच खाते. बाहेर पंखा दिसेपर्यंत आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं. "वादळात हे झाड पडू शकतं, काका." त्याच झाडाखाली माझी बाइक आणि सोसायटीच्या पोरांचं क्रिकेट!

बाबांनी त्याच दिवशी सेक्रेटरींना गाठून बाइक्स आणि पोरं दोन्ही हलवली, झाड तपासायला महापालिकेला अर्जही दिला. आता रोज सकाळी भिंग घेऊन फिरायला जातात. काढ्याने काय झालं असतं कोण जाणे, पण चालणं तर सुरू झालं!