‘दोन ठेवून दिल्याशिवाय ऐकतंय होय?’

सोलापुरात लेकरांच्या वागण्याचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. पाठोपाठ पुरावाही हजर असतो: “आम्ही काय कमी मार खाल्ला? बिघडलो का?” या पुराव्याने माझं डोकं फिरतं. त्याच पिढीने चुलीच्या धुरात बालपण काढलं, म्हणून धूर फुप्फुसांना पौष्टिक ठरत नाही.

रट्टा दिला की पोरगं ऐकतं हे खोटं नाही, पण ते तेवढ्यापुरतंच. गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. जानेवारीतली गड्डा यात्रा आठवा. होम मैदानावरच्या गर्दीत पोरगं खेळण्याच्या दुकानापुढे फतकल मारतं. आई आधी ‘नाही’ म्हणते, मग ‘पुढच्या वेळी’, मग ‘पप्पांना सांगू का?’ आणि शेवटी पाठीत धपाटा घालते. पोरगं भोकाड पसरतं, लोक वळून बघतात, आणि कावलेले पप्पा गुपचूप बंदूक विकत घेतात. आईला वाटतं, शिस्त लावली. पोराचा हिशेब वेगळा असतो: एका धपाट्याला एक बंदूक, सौदा वाईट नाही. शिवाय रडण्याला कधी लगेच फळ येतं, कधी अर्ध्या तासाने, कधी येतच नाही. अशी अधूनमधून फळणारी सवय सुटायला सगळ्यात चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. धपाटा घातला नसता आणि ‘नाही’ हे ‘नाही’च राहिलं असतं, तर पोरगं रडलं असतंच, फक्त पुढच्या वर्षी थोडं कमी.

आणखी एक चकवा आहे. आपला हात उठतो तो मूल अगदी टोकाला गेलं की. तिथून ते बहुतेक वेळा आपणहून खाली येणारच असतं. श्रेय मात्र हाताला मिळतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलाचे प्रशिक्षक हेच ऐकवत होते: झापलं की वैमानिक पुढचं उड्डाण नीट करतो, शाबासकी दिली की बिघडवतो. झापण्याचा त्यात काही संबंध नाही, हे कानेमन यांच्या लक्षात आलं.

आकडे हवे असतील तर एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ७५ अभ्यास, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती एकत्र तपासली. साध्या चापट्यांचाही चांगल्या वागण्याशी संबंध दिसला नाही. आक्रमकपणाशी, मनाच्या तक्रारींशी आणि आईबापांशी बिघडलेल्या नात्याशी दिसला. ‘दांडगी पोरंच जास्त मार खात असतील’ ही शंका रास्त आहे. म्हणूनच काही संशोधकांनी मुलांचं आधीचं वागणं हिशेबात धरून त्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तरी निष्कर्ष उलटला नाही. ‘हे गोऱ्यांचं शास्त्र’ म्हणणाऱ्यांसाठी जेनिफर लॅन्सफर्ड यांचा २००५ चा अभ्यास आहे. त्यात सहा देश होते, भारतही. जिथे मारणं सर्रास चालतं तिथे परिणाम सौम्य होता, पण होताच.

मग ‘श्यामची आई’ पुढे केली जाते. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला तिने शिंपटीने झोडपलं होतं, खरं आहे. पण सगळ्या पुस्तकात ती मुलाशी बोलत असते, समजावत असते, स्वतः वागून दाखवते. त्यातली एवढी शिंपटीच ज्यांच्या लक्षात राहते, त्यांनी पुस्तक पुन्हा वाचावं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ‘न मारणं म्हणजे लाड’: नाही, ठरलेल्या वेळी टीव्ही बंद करणं आणि रोज बंद करणं धपाट्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ‘पप्पांचा धाक पाहिजे’: संध्याकाळच्या शिक्षेचा सकाळच्या खोडीशी संबंध तीन वर्षांच्या मुलाला जोडता येत नाही, आणि यंत्रमागावर पाळी करून आलेल्या माणसाला घरात पाऊल ठेवताच फौजदार करणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. ‘आजी बिघडवते’: आजीला नियम कुणी सांगितलाय का, ते आधी बघा. ‘मुद्दाम करतंय’: मे महिन्यात बेचाळीस अंशांत, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत दुपारभर कोंडलेलं मूल चिरचिर करणारच, आधी पाणी पाजा, झोपवा.

‘गुरुजी, दोन द्या, आमची हरकत नाही’ हेही अजून ऐकू येतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत मारायला आणि मानसिक छळाला मनाई करतं. पालकाची हरकत नसेल तर चालेल, अशी सूट त्यात नाही. घरापुरता चापटीला नाव घेऊन बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ मुलाचा ताबा असलेल्या प्रत्येकाला लागू आहे, आणि अनावश्यक यातना होतील अशा मारहाणीला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे.