पाणी, ऊब आणि बेताचं काम : सिकलसेल सांभाळत झाडीपट्टीतलं वर्ष

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत सिकलसेलचा रुग्ण घरी असला की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, चांगलं खाऊ घाला, रक्त वाढेल. दोन, काम करू देऊ नका, दुखणं वाढेल. दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले, आणि दोन्ही अर्धेच खरे. रक्त वाढवण्यासाठी चुकीची गोळी दिली तर ती नडते. वर्षानुवर्षं बसवून ठेवलं तर शरीर आणखी कमजोर होतं. मग नेमकं काय खायचं आणि किती हलायचं? त्याचं उत्तर रक्ताची पेशी वाकते कशी, यात आहे. तेवढं एकदा उलगडलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पेशी कधी वाकते

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून प्राणवायू घेतं आणि अंगभर पोचवतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला फक्त सहावा घटक बदललेला असतो : ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. प्राणवायू सोडल्यावर असं बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार करतं. त्या काड्यांमुळे गोल, मऊ पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. फुप्फुसात पुन्हा प्राणवायू मिळाला की ती सरळ होते. पण असं वारंवार झालं की ती वाकलेलीच राहते.

याचे परिणाम दोन. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी असतं आणि डोळे पिवळसर दिसतात. दुसरं म्हणजे, ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. हाडांत, पाठीत, छातीत उठणाऱ्या असह्य कळा त्यातूनच येतात. हळूहळू प्लीहा, मूत्रपिंड आणि खुब्याचं हाड यांचंही नुकसान होत जातं.

कळीची गोष्ट म्हणजे काड्या तयार व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात पेशी बारीक वाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली तर काहीच बिघडत नाही. अंगातलं पाणी आटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि काड्या फार झपाट्यानं जमतात. थंडीनं वाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळतं. दम लागेपर्यंत राबलं की प्राणवायू कमी पडतो. तापात हे सगळं एकत्र घडतं. रोजची काळजी म्हणजे या चार गोष्टींना अडवणं.

हे समजायला जगाला वेळ लागला. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचं पहिलं वर्णन छापलं. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष प्रथम नोंदला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सुरुवातीच्या काळातच सिकलसेलचं सर्वेक्षण केलं होतं. आता १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे.

आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आला असेल तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. वाहकानं इतरांसारखंच खावं, इतरांसारखंच राबावं. उन्हातल्या कष्टात पाणी मात्र सोडू नये. दोघांकडून दोष आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी झालेली बरी. पुढचं सगळं ‘एसएस’ रुग्णांसाठी आहे.

पाणी : तहानेच्या आधी

सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला लवकर इजा होते आणि पाणी राखून ठेवण्याची त्याची ताकद जाते. त्यामुळे लघवी जास्त होते, मुलं मोठी झाली तरी अंथरूण ओलं करतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही आणि संध्याकाळनंतर त्यांचं पाणी तोडणं तर धोक्याचं. लघवी पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, हा एरवीचा अंदाजही इथे चालत नाही. अंग कोरडं पडलं असतानाही लघवी फिकी असू शकते, किंवा काविळीमुळे पाणी भरपूर पिऊनही गडद दिसते. रंगापेक्षा तांबे मोजावेत. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण तीन लिटर, उन्हाळ्यात आणि तापात त्याहून जास्त. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर झालं असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनी ठरवावं.

यासाठी बाजारातली पेयं लागत नाहीत. रानात जाताना तुंब्यात भरून नेलेली पेज किंवा आंबील यात पाणी असतं, थोडी ताकद असते, चिमूटभर मीठ घातलं की घामातलं मीठही भरून निघतं. सकाळी निघताना तांब्याभर, मग दर अर्ध्या तासाला काही घोट. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

दारू नेमकं उलटं करते. ती लघवी वाढवून अंगातलं पाणी काढते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. कायदा काहीही असो, सिकलसेलच्या रुग्णाला मोहाची घरची दारूही तितकीच नडते. खर्ऱ्याचंही तसंच. तंबाखूतल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, भूक मरते, आणि आधीच कमी वजनाचं पोर आणखी वाळतं.

ताटात काय हवं

पेशी निदान सहापट वेगानं मरत असतील तर हाडांतल्या मगजाला नव्या पेशी तितक्याच घाईनं घडवाव्या लागतात. हृदयही जोरानं चालत राहतं. म्हणजे सिकलसेलचं मूल शांत बसलं असलं तरी आतून राबतच असतं. त्याला बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त अन्न लागतं, पण भूक मात्र कमी असते. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं.

झाडीपट्टीचं जेवण भाताचं. पोट भरायला भात पुरतो, पण पेशी घडवायला प्रथिनं लागतात आणि ती पातळ वरणाच्या पाण्यात फारशी नसतात. वरण घट्ट हवं. तूर, मूग, उडीद, हरभरा, पोपटाच्या शेंगा यांतलं काही ना काही रोज हवं. धानानंतर बांधीत होणारी लाखोळी चालते, पण महिनोन्‌महिने तीच एक डाळ खाऊ नये. त्यातल्या विषारी द्रव्यानं पाय लुळे पडू शकतात. ती भिजवून, पाणी टाकून, दुसऱ्या डाळींसोबत खावी. बोडीतली, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी, झिंगे आणि अंडी ही इथली स्वस्त, उत्तम प्रथिनं. जवसाच्या चटणीतून आणि चारोळीतून चांगली चरबी मिळते. वाळवलेली मोहफुलं भाजून खाल्ली तर शाळेतून आलेल्या मुलाला चटकन ताकद मिळते.

नव्या पेशी घडवताना फोलेट हे जीवनसत्त्व भराभर खर्ची पडतं. ते हिरव्या भाज्यांत असतं, आणि पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, शेवगा यांना इथे तोटा नसतो. मात्र फोलेट पाण्यात उतरतं आणि जास्त शिजवल्यानं मरतं. भाजी धुऊन मग चिरावी, कमी पाण्यात शिजवावी, पाणी ओतून देऊ नये. बांबूच्या कोंबांचं, म्हणजे वास्त्यांचं, नेमकं याच्या उलट. त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून ते उकळून पाणी टाकलंच पाहिजे. भाजीनं सगळी गरज भागत नाही, म्हणून फोलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात ती रोजची रोज घ्यावी.

रक्त कमी, पण लोह कमी नाही

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. रक्त कमी म्हटलं की लोहाची गोळी, असं समीकरण गावोगावी बसलेलं आहे आणि बहुतेक रक्तक्षयात ते बरोबरही आहे. पण सिकलसेलमध्ये पेशी अंगातच फुटतात, त्यांतलं लोह बाहेर जात नाही, पुन्हा वापरलं जातं. रक्त चढवलं असेल तर प्रत्येक पिशवीसोबत सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. साठलेलं लोह यकृत आणि हृदय बिघडवतं.

म्हणून शाळेत किंवा अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात तेव्हा मूल ‘एसएस’ आहे हे शिक्षकांना, आशाताईंना सांगून ठेवावं. याचा अर्थ लोह कधीच द्यायचं नाही असाही नव्हे. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बाईला, पोटात जंत असलेल्या किंवा नीट न जेवणाऱ्या मुलाला सिकलसेलसोबत लोहाचीही कमतरता असू शकते. ते फेरिटिनच्या तपासणीनं कळतं, आणि गोळी त्यानंतर. गरोदर बाईचा निर्णय तर डॉक्टरांनीच घ्यायचा. ताटातल्या भाज्या, मासोळी, गूळ यांतल्या लोहाची मात्र धास्ती बाळगू नये.

किती हलायचं

पूर्ण आरामानं स्नायू सुकतात. मग पाणी भरायला विहिरीपर्यंत गेलं तरी दम लागतो, आणि दम लागला की पेशी वाकायची भीती. उलट रोज बेतानं चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाला तेच काम हलकं जातं. मोजमाप सोपं : चालता-चालता बोलता येतंय तोवर ठीक. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं, पाणी प्यायचं, सावलीत बसायचं. वीस-पंचवीस मिनिटं काम आणि पाच-दहा मिनिटं विसावा हा ताल बरा. शाळेच्या मैदानावर मुलानं खेळावं, पण पाणी प्यायला आणि थांबायला त्याला परवानगी मागावी लागू नये. शिक्षा म्हणून पळवणं तर नकोच.

आता हे वर्षाच्या कामांवर बसवून पाहू.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचणं पहाटेचं, गारव्यातलं, हलकं काम, रुग्णाला झेपतं. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. पानं तोडायला घरच्या इतरांनी जावं आणि रुग्णानं सावलीत बसून पुडे बांधावेत. मजुरी पुड्यांवर मिळते, त्यामुळे त्याचा हातभार तितकाच मोलाचा ठरतो.

जुलै-ऑगस्टमधली रोवणी सगळ्यात अवघड. तासन्‌तास वाकून, पाय चिखलात, अंगावर पाऊस आणि वारा. शक्यतो ‘एसएस’ रुग्णानं बांधीत उतरू नये. उतरावंच लागलं तर अर्धा दिवस, मग कोरडे कपडे आणि गरम जेवण. घामेजलेल्या अंगानं तलावात बुडी मारणं हा दुखण्याला आवतण देण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. मंडळ्या वडशाहून निघतात, नाटक रात्रभर रंगतं. रुग्णानं नाटक का सोडावं? कानटोपी, मोजे, कांबळ आणि पाण्याची बाटली घेऊन जावं, आणि दुसऱ्या दिवशीच्या धान कापणीला सुट्टी द्यावी. थंडी आणि जागरण एकत्र आलं, त्यावर कष्ट पडले, की कळा उठतात.

जांघेत किंवा खुब्यात चालताना दुखत असेल आणि ते आठवडे राहिलं असेल, तर सरपणाची मोळी, पाण्याचे हंडे उचलणं थांबवून आधी खुब्याची तपासणी करावी. तिथलं हाड रक्ताअभावी मरत असू शकतं.

घरगुती उपाय कुठे संपतात

खाणं-हलणं औषधाची जागा घेत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अंगातलं जन्मवेळचं हिमोग्लोबिन वाढवतं. हे हिमोग्लोबिन काड्यांना जमू देत नाही, त्यामुळे कळा कमी होतात. पण औषध नेमानं घ्यावं लागतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखून धाप लागली, अंगाची एक बाजू लुळी पडली, पोटाच्या डाव्या बाजूला प्लीहा एकाएकी फुगली किंवा मूल अचानक पांढरं पडलं, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. प्लीहा निकामी झाल्यानं साधा जंतूही जिवावर बेततो. वाहकांना फॅल्सिपेरम मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं हे खरं, पण ‘एसएस’ रुग्णाला मलेरिया जास्त बाधतो. गडचिरोलीत म्हणूनच मच्छरदाणी हा त्याच्या उपचाराचाच भाग समजावा.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि तशी तुटणारी गावं या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी जूनच्या आधी दोन महिन्यांची औषधं, थर्मामीटर आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घरात हवी.

यातलं बरंचसं एकट्या रुग्णाच्या हातात नाही. कोणी पानं तोडायची आणि कोणी पुडे बांधायचे हे घर ठरवतं. रोजगार हमीच्या कामावर कोणी माती उचलायची आणि कोणी मजुरांना पाणी पाजायचं हे गाव ठरवतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आहे, तेव्हा रुग्णासाठी हलकं काम मागणं ही याचना नव्हे. येत्या ग्रामसभेत गावातल्या ‘एसएस’ रुग्णांसाठी कोणती कामं राखायची एवढा एक विषय घेतला, तर वर लिहिलेल्यापैकी निम्मं आपोआप पाळलं जाईल.