पाइपाच्या आतली बाजू

पाइपाचा तुकडा खांबाला तिरका जखडलेला असतो, साधारण छातीच्या उंचीवर. वेल्डर त्याच्याखाली एका गुडघ्यावर बसतो. होल्डरची केबल खांद्यावरून मागे टाकतो, म्हणजे तिचं वजन मनगटावर येत नाही. मग मान वाकडी करून सांध्याच्या फटीकडे बघतो आणि एका झटक्यात हेल्मेट खाली पाडतो. पाइप फिरवायला परवानगी नाही. फिरायचं ते त्यानंच.

भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये किंवा मुंबईत आखाती नोकऱ्यांसाठी ट्रेड टेस्ट घेतात तिथे हे दृश्य रोजचं. परीक्षेचं नाव ‘सिक्स-जी’. पाइप 45 अंशांत कललेला, त्यामुळे डोक्यावरचं, उभं, आडवं असं सगळं काम एकाच सांध्यात करावं लागतं. अमेरिकेतल्या एएसएमई या संस्थेच्या संहितेचा नववा भाग सांगतो की ही एक परीक्षा दिली की पाइप आणि प्लेटच्या बाकीच्या पोझिशन वेगळ्या द्याव्या लागत नाहीत. नाक्यावरच्या जाहिरातीत म्हणूनच ‘सिक्स-जी वेल्डर पाहिजे’ एवढंच लिहिलेलं पुरतं.

सहा इंची, शेड्यूल 80 चा पाइप घेतला तर बाहेरचा व्यास 168.3 मिमी आणि भिंत जवळपास 11 मिमी. घेर जेमतेम अर्धा मीटर. एवढ्याशा रेघेसाठी माणसं महिनोन् महिने सराव करतात, आणि त्यातला बराच वेळ आर्क पेटवण्याआधीच जातो. दोन्ही तुकड्यांच्या कडा तिरक्या तासायच्या, टोकाला थोडी सपाट धार ठेवायची. रॉडवरचं फ्लक्स झटकून आतली तार व्ही-आकारात वाकवायची आणि फटीत अडकवायची, म्हणजे अंतर सगळीकडे सारखं राहतं. टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारायचे आणि प्रत्येक टॅकची दोन्ही टोकं ग्राइंडरनं पातळ करायची. जाड टॅकपाशी पहिला थर नीट मिसळत नाही, पुढे तिथेच पीस फेल होतो. नवशिक्याला हे काम हेल्परचं वाटतं. माझ्या मते अर्धी परीक्षा इथेच ठरते.

वेल्डर पाइपाकडे घड्याळ म्हणून बघतात. सुरुवात खाली सहाला, शेवट वर बाराला. आधी एक बाजू, मग दुसरी. पहिल्या थरासाठी, म्हणजे रूटसाठी, स्टिक वेल्डिंगमध्ये 6010 रॉड लागतो. त्याच्या आवरणात सेल्युलोज असतं. ते जळून वायूचा झोत तयार होतो आणि तो धातूत घुसतो. फटीच्या टोकाला किल्लीच्या भोकासारखं छिद्र पडतं. ते छिद्र हरवू द्यायचं नाही आणि मोठंही होऊ द्यायचं नाही. रॉड किंचित पुढे न्यायचा, परत आणायचा, भोक भरायचं, पुन्हा पुढे. खरी गोम अशी, की परीक्षक ज्या बाजूसाठी बसलेला असतो ती पाइपाच्या आत असते आणि वेल्डरला ती दिसतच नाही. म्हणून तो ऐकतो. आर्क आरपार गेला की आवाज पाइपाच्या पोकळीत घुमतो. घुमणं थांबलं की पेनिट्रेशन सुटलं.

त्यानंतर भरणी आणि कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, 7018 रॉडनं. हे दोन रॉड म्हणजे एका घरातल्या दोन सासवा! 6010 च्या आवरणात थोडा ओलावा असावाच लागतो, त्याला ओव्हनमध्ये भाजलं तर तो बिघडतो. 7018 ला मात्र दमट हवेचं वावडं. ओलाव्यातला हायड्रोजन धातूत शिरला तर सांधा थंड झाल्यावर काही तासांनी आतल्या आत तडकू शकतो. म्हणून त्याला भाजायचं, मग पोर्टेबल ओव्हनमध्ये गरम ठेवायचं आणि एकेक काढून वापरायचं. कोकणातल्या पावसाळ्यात हा नियम कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सहा आणि तीनच्या मधे. खाली बसलेलं शरीर तिथे उठायला लागतं, रॉडचा कोन बदलतो, आर्क लांबतो आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडते. म्हणून जाणती माणसं करंट बंद असतानाच पाइपाभोवती एक कोरडी फेरी मारतात. गुडघा कुठे उचलायचा आणि कोपर कुठे टेकवायचं हे आधी ठरतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी रूट टिग वेल्डिंगनं मारतात. काम स्वच्छ होतं, पण फेरी तीच.

पीस थंड झाला की त्याची मोडतोड. एक्स-रे काढला नाही तर घेराच्या वेगवेगळ्या जागांतून चार पट्ट्या कापतात आणि प्रेसखाली इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवतात. काहींचा रूट बाहेर ताणला जातो, काहींचा वरचा चेहरा. ताणलेल्या बाजूला 3 मिमीपेक्षा मोठी उघडी फट दिसली तर नापास. आयुष्यातलं सगळ्यात देखणं वेल्डिंग माणूस करतो ते मोडण्यासाठी, आणि पाठीमागे उरतो एक कागद.

त्या कागदावरही त्याचा हक्क अर्धाच. एएसएमईच्या संहितेनुसार पात्रता तपासायची जबाबदारी मालकाची. त्यामुळे कंपनी बदलली की बहुतेक वेळा पुन्हा पाइपाखाली बसावं लागतं. सहा महिने त्या पद्धतीनं काम केलं नाही तरी पात्रता संपते. साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडायच्या तर 1950 च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सखालची परीक्षा वेगळी. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच, पण वीस वर्षं आर्कसमोर बसलेल्या माणसाला दर वेळी पहिल्या इयत्तेत बसवल्यासारखं वाटतं. तसं बॉयलरचं आणि या रॉडचं नातं जुनंच. आवरण असलेला रॉड काढणारे स्वीडनचे ऑस्कर शेलबर्ग आधी जहाजांवरचे गळके बॉयलर दुरुस्त करायचे. 1904 मध्ये त्यांनी ‘एसाब’ ही कंपनी काढली.

भोसरीच्या अशाच एका शेडमध्ये एका दुपारी एका पोरानं पीस पुरा केला. वरून कॅपिंग नाण्यांची चळत आडवी घातल्यासारखं दिसत होतं. त्यानं मोबाइलची टॉर्च लावून पाइपात डोळा घातला. सहाच्या जागी रूट खोल ओढला गेला होता, बोटभर लांबीत. तो काही बोलला नाही. पीस व्हाइसमध्ये धरला, सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूनं रेघ मारली आणि कटिंग व्हील शोधायला गेला. पाइप अजून एका सांध्यापुरता उरला होता.