प्रभागसंघाच्या अध्यक्षांचा आठवडा

बचतगट हा शब्द आज महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात पिठाच्या गिरणीइतकाच परिचयाचा झाला आहे. दहा ते वीस बायकांनी आठवड्यातून एकदा जमावे, ठरलेली रक्कम एकत्र करावी, तीतून गरजवंतीला कर्ज द्यावे आणि सारा हिशेब वहीत लिहावा, एवढाच त्याचा मूळ व्यवहार. राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने 1992 मध्ये पाचशे गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि तेथून या चळवळीला वेग आला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून स्त्रियांच्या अर्थार्जनासाठी काम करीत होतेच. 2011 मध्ये ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नतीचे अभियान सुरू झाले. केरळात ‘कुटुंबश्री’ 1998 पासून, बिहारात ‘जीविका’, अशी याच जातीची कामे भारतभर दिसतात. गट सर्वांना ठाऊक असतो. गटाच्या वर जे उभे राहिले आहे, त्याची माहिती मात्र शहरातील सुशिक्षितांनाही क्वचितच असते.

गावातील गटांचा मिळून ग्रामसंघ होतो, आणि आसपासच्या गावांतील ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ. समजा, एका प्रभागात अडीचशे गट आहेत आणि प्रत्येकात सरासरी बारा सदस्या आहेत. म्हणजे तीन हजार घरे झाली. आठवड्याला पंचवीस रुपये बचत धरली, तरी बारा जणींच्या एका गटात वर्षाला पंधरा हजार सहाशे रुपये जमतात, आणि साऱ्या प्रभागात एकोणचाळीस लाख. कर्जाची उलाढाल याहून निराळी. एवढा पसारा ज्या संस्थेच्या नावावर चालतो, तिच्या अध्यक्षा बहुधा शेतकरी वा शेतमजूर कुटुंबातील असतात. त्या कोणाच्या नोकरीत नसतात. गटागटांतून फिरणाऱ्या समूह संसाधन व्यक्तीला मानधन असते. अध्यक्षांना मिळतो तो प्रवासखर्च आणि बैठकीचा भत्ता, तोही बहुतेक वेळा पदरमोड करून झाल्यावर.

मार्चचा पहिला आठवडा त्यांच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत धावपळीचा. बँकांचे आर्थिक वर्ष संपत आलेले असते, आठ तारखेचा महिला दिन तोंडावर असतो, हरभरा व गहू काढणीला आलेले असतात, आणि घरात परीक्षेला बसणारे एखादे मूल असते.

सोमवारी सकाळी बँक. गटांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये आणि गटाच्या बचतखात्यावर बोजा चढवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. परंतु नियम कागदावर राहतो आणि शाखेत चालतो तो शाखाधिकाऱ्याचा अनुभव. पूर्वी एखाद्या गटाने कर्ज थकविले असेल, तर त्या गावच्या प्रत्येक गटाकडे तो संशयाने पाहतो. बचतखात्यातील पैसे उचलू देत नाही. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. खेड्यातल्या बाईला या एका वाक्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीइतकी पडते. अध्यक्षा येथे भांडत नाहीत. प्रत्येक गटाचे नाव, गेल्या कर्जाची परतफेड कोणत्या महिन्यात पूर्ण झाली ती तारीख आणि नियमाच्या परिपत्रकाची प्रत त्या समोर ठेवतात, आणि खुर्चीवरून उठत नाहीत. कागद नीट असला की अधिकारी पुष्कळदा ऐकतो, कारण मार्चअखेरचे त्याचे स्वतःचे उद्दिष्टही पुरे व्हायचे असते. प्रकरणे सहा असतील तर चार मार्गी लागतात. उरलेल्या दोहोंसाठी पुन्हा एक फेरी.

खरे कसोटीचे काम कार्यकारिणीच्या बैठकीत असते. प्रभागसंघाकडे समुदाय गुंतवणूक निधी असतो. तो ग्रामसंघाला कर्जाऊ दिला जातो, ग्रामसंघ गटाला देतो, गट सदस्येला. आणि त्याच वाटेने व्याजासह तो परत वर यावा, अशी योजना आहे. परत आला तरच तो दुसऱ्या गावाला मिळतो. आता असे धरून चालू की, एका ग्रामसंघाचे तीन महिन्यांचे हप्ते आलेले नाहीत आणि त्याच ग्रामसंघाने नव्या कर्जाची मागणी केली आहे. बैठकीत लगेच दोन तट पडतात. एकीचे म्हणणे, थकबाकीदाराला दमडी देऊ नये. दुसरीचे म्हणणे, सोयाबीनला भाव मिळाला नाही, बायकांनी हप्ता कोठून भरावा? अध्यक्षांची नणंद त्याच गावात दिलेली असली, तर तिसरे म्हणणे कोणी उघड बोलत नाही, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांत दिसते.

अशा वेळी अनुभवी अध्यक्षा स्वतःचे मत सांगण्याची घाई करीत नाहीत. त्या ग्रामसंघाच्या प्रतिनिधींना वही उघडायला लावतात आणि गटवार वाचायला सांगतात. वाचता वाचता चित्र बदलते. नऊ गटांपैकी सात गटांनी आपले हप्ते ग्रामसंघाकडे भरलेले असतात; दोघांचे आले नाहीत म्हणून ग्रामसंघाने सगळेच पैसे स्वतःच्या खात्यात अडकवून ठेवलेले असतात. म्हणजे थकबाकी एका गावाची दिसत होती, ती प्रत्यक्षात दोन गटांची निघते. या दोन गटांनी तरी हप्ते का भरले नाहीत? त्यांतील काही जणींनी खाजगी वित्त कंपन्यांकडूनही कर्जे घेतलेली असतात. कंपनीचा वसुलीचा माणूस ठरलेल्या दिवशी दारात येऊन बसतो. प्रभागसंघाचा माणूस कोणाच्या दारात बसत नाही. साहजिकच हातात आलेला पैसा आधी कंपनीकडे जातो आणि आपल्याच संस्थेचा हप्ता सर्वांच्या शेवटी राहतो. आपलेपणाची ही शिक्षा सहकारी पतसंस्थांनाही जुनीच आहे.

निर्णय असा होतो: सात गटांचे पैसे आठ दिवसांत वर यावेत, त्यांना नवे कर्ज मिळेल, दोन गटांना हप्ते लहान करून मुदत वाढवून द्यावी, आणि अध्यक्षांनी स्वतः त्या गावी जाऊन यावे. ठराव लिहिला जातो आणि सर्वांना मोठ्याने वाचून दाखवून मग सह्या होतात. नणंदेच्या गावचा प्रश्न असल्यास समंजस अध्यक्षा त्या ठरावापुरत्या उपाध्यक्षांना आपल्या जागी बसवितात. नियमात तसे लिहिलेले असो वा नसो, बायका ते लक्षात ठेवतात.

बुधवार आणि गुरुवार हे दिवस प्रभागसंघाचे उरत नाहीत. पंचायत समितीतून निरोप येतो: महिला दिनाच्या मेळाव्याला प्रत्येक गावातून इतक्या बायका आणाव्यात. दुसरा निरोप सर्वेक्षणाच्या नमुन्याचा, तिसरा कोणत्या तरी योजनेच्या अर्जांचा. 2024 मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याच्या कामात अंगणवाडी सेविकांबरोबर समूह संसाधन व्यक्तींनाही जोडले गेले होते, आणि त्या काळात गटांच्या वह्या कितीतरी ठिकाणी मागे पडल्या असल्यास नवल नाही. शासनाला हे सोयीचे वाटते, हे समजण्यासारखे आहे. तीन हजार घरांत एका दिवसात निरोप पोचविणारी दुसरी यंत्रणा कोणत्या खात्याजवळ आहे? परंतु जी संस्था बायकांची म्हणून उभी करायची, तिला कार्यालयाची बिनपगारी शाखा करून टाकले, तर हळूहळू बायकाही तिला कार्यालयच समजू लागतात, आणि कार्यालयाचे पैसे बुडविण्यात कोणाला फारसे पाप वाटत नाही. मेळाव्याला अध्यक्षा जातातच. मंडपात त्यांना पुढची खुर्ची मिळते, बोलायला तीन मिनिटे मिळतात. ती तीन मिनिटे त्यांनी बँकेत अडकलेल्या दोन प्रकरणांसाठी वापरली, तर मोटारभाडे वसूल झाले म्हणायचे.

शुक्रवारी त्या दोन गटांचे गाव. दुपारची उन्हे कलल्यावर देवळाच्या ओट्यावर बैठक बसते. येथे सापडणारी गोष्ट हिशेबाच्या चुकीहून नाजूक असते. कर्ज एकीच्या नावे उचललेले असते आणि पैसा दुसरीच्या घरी गेलेला असतो. कधी दिराच्या मोटारसायकलीसाठी, कधी लग्नासाठी. नावाची बाई हप्ता भरू शकत नाही आणि पैसे नेणारीचे नाव वहीत नाही. चारचौघींत हे उघड केले तर एक घर कायमचे गटाबाहेर जाते. झाकून ठेवले तर पुढच्या वर्षी अशी पाच कर्जे निघतात. म्हणून अध्यक्षा त्या दोघींशी आधी स्वतंत्र बोलतात, आणि बैठकीत पैसे नेणारीने स्वतःच्या तोंडाने ‘हप्ता मी भरीन’ एवढेच म्हणावे, अशी व्यवस्था करतात. ते वाक्य वहीत लिहिले जाते. कारण विचारले जात नाही. अंधार पडल्यावर परतीची गाडी मिळत नाही, तेव्हा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून घरी यायचे.

पदाधिकारी ठराविक काळाने बदलावेत असा संकेत आहे, आणि तो पाळणे सोपे नाही. बँकेतील अधिकारी ओळखीच्या बाईशीच बोलतो, तालुक्यातून दूरध्वनी तिलाच येतो, आणि गावेही ‘त्याच बऱ्या’ म्हणतात. ज्या अध्यक्षांना याचे भान असते त्या सोमवारी बँकेत जाताना एखाद्या तरुण सचिवेला बरोबर नेतात, आणि दुसऱ्या फेरीला तिला एकटीला पाठवितात. ती परिपत्रकाची प्रत घरी विसरून येते, दोन वेळा परत फिरते, मग शिकते.

रविवारी अध्यक्षांच्या स्वतःच्या गटाची बैठक असते. गव्हाची काढणी, आठवड्याचे धुणे, सासूबाईंचे औषध हे सारे उरकून त्या पोचतात तोवर बाकीच्या जमलेल्या असतात. गटात त्या अध्यक्षा नसतात, बारांपैकी एक असतात. बचतीचे पंचवीस रुपये त्या पुढे ठेवतात; सचिव ते मोजते, आणि उशिरा आल्याचा दंड म्हणून वर आणखी पाच रुपये मागून घेऊन त्यांच्या नावापुढे मांडते.