आमसुलाच्या रंगाची प्लेट

मावसभावाचा पोटाचा सीटी स्कॅन डॉक्टरांनी उजेडावर धरला तेव्हा लिव्हरमधलं गळू मला मधाच्या पोळ्यासारखं दिसलं, कप्प्याला कप्पा लागलेला. पाणथरीत नुसते बारीक ठिपके. कुडाळकडे त्याची भातशेती, शुगर जुनी. लावणी उरकली आणि ताप धरला, तो हटेना. आधी टायफॉइड झाला, मग टीबीच्या गोळ्या झाल्या. शेवटी किनारी कर्नाटकातल्या एका मोठ्या रुग्णालयात सुईने पू काढला आणि मेलिऑयडोसिस हा शब्द आमच्या घरात आला. "औषध तीन महिने," डॉक्टर म्हणाले. शिरेतून इंजेक्शनं चार आठवडे, ती वेगळीच.

या रोगाचा जंतू मुळात सापडतो तरी कसा, ते बघायला मी लॅबच्या काचेशी जाऊन उभा राहिलो. आत कारवारच्या एक टेक्निशियन होत्या. चौथ्या दिवसाची प्लेट त्यांनी काचेपलीकडून वर धरली. वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या, जांभळ्या. थेट उन्हात वाळलेली आमसुलं. दुसऱ्या प्लेटवर औषधाच्या तीन टिकल्या होत्या. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन यांच्या अगदी कडेपर्यंत जंतू वाढलेला, तिसरीभोवती मात्र स्वच्छ गोल.

"साध्या प्लेटवर हा स्यूडोमोनास जंतूसारखा दिसतो," बाई म्हणाल्या. "बाहेरची घाण म्हणून टाकून देतात."

1912 साली रंगूनहून व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी हा रोग लिहून ठेवला. 2016 मधला जगाचा अंदाज वर्षाला 1 लाख 65 हजार रुग्ण आणि 89 हजार मृत्यू असा होता. आमच्या गावात मात्र कुणी नावही ऐकलेलं नव्हतं.

पूर्वी लॅबमधली माणसं प्लेट नाकाशी धरत. याला ओल्या मातीचा वास येतो म्हणे. आता सक्त मनाई, कारण श्वासातूनही तो आत शिरतो. राहतोही मातीतच. मिरगाच्या पहिल्या सरीला आपण छाती भरून घेतो तोच हा वास असेल का, हे काही डोक्यातून जात नाही.

भाऊ घरी आलाय. गोळ्यांचा दुसरा महिना चालू आहे. ताप नाही, म्हणून त्याला त्या सोडायच्या आहेत. वहिनी रोज ऐकवते, "तीन महिने म्हणजे तीन महिने."

तुमच्याकडे शेतात राबणाऱ्या, शुगरच्या माणसाचा पावसाळ्यातला ताप हटत नसेल, तर सोनोग्राफीत पाणथरीही बघायला सांगा. पू निघालाच, तर तो कल्चरला गेला का, एवढं विचारा.