निरोगी पोटातील उसनवारी

भाषेच्या अध्यापकाने जंतूंविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु शब्दांच्या अभ्यासात आयुष्य गेल्यामुळेच हा विषय मला परका वाटला नाही. 'हात', 'पाय' हे शब्द आपणांस प्राकृतातून वारशाने लाभले. 'पाव', 'चावी' हे पोर्तुगिजांकडून उसने आले. पेडणे आणि डिचोली हे महाल नव्या काबिजादीतले. येथे त्यांचा अंमल जुन्या काबिजादीच्या मानाने फार उशिरा आला. तथापि, ज्या मराठी मुलखात तो कधीच नव्हता तेथेही हे शब्द रुजले. शब्दाला सत्ता लागत नाही, शेजार पुरतो.

जंतूंचेही तसेच आहे. पेशी दुभंगताना जनुके संततीस मिळतात, हा झाला वारसा. परंतु प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे लहानसे कडे एक जंतू दुसऱ्यास, प्रसंगी परजातीच्या जंतूसही, देऊ शकतो. १९५०च्या दशकात जपानमध्ये रक्ती आवेचे जंतू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले. ही शक्ती आतड्यातील ई. कोलाय या जंतूकडूनही त्यांना मिळू शकते, असे १९५९ साली तेथील संशोधकांनी दाखविले. पुढे १९८३ मध्ये लंडनच्या नेओमी दत्ता आणि त्यांचे सहकारी यांनी प्रतिजैविकांपूर्वीच्या काळात जतन केलेले जंतू तपासले. त्यांत प्लाझ्मिडे होती, प्रतिरोधाची जनुके जवळजवळ नव्हती. गाडी जुनीच, माल आपण भरला.

हा माल निरोगी मुलाच्या पोटात मुकाट्याने राहतो. उज्जैनमधील ३ ते १४ वर्षांच्या मुलांच्या शौचातील ई. कोलायचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत प्रतिरोध मोठ्या प्रमाणावर आढळला. मुलाने स्वतः औषध घेतलेले असावे लागते असेही नाही. पाणी, हात, घरातील माणसे, एवढा शेजार पुरतो. पोटात हा जंतू निरुपद्रवी असतो. तोच मूत्रमार्गात वा रक्तात शिरला, म्हणजे डॉक्टरांचे पहिले औषध वाया जाते आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत तेवढा विलंबही जिवावर बेततो.

साध्या सर्दीपडशाला, मागच्या खेपेचे उरलेले प्रतिजैविक पाजणारी प्रेमळ घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. सर्दी विषाणूंची, तिला त्याचा उपयोग शून्य. आतड्यातले औषधाला बळी पडणारे जंतू मात्र मरतात आणि प्रतिरोधकांना मोकळे रान मिळते. औषध थांबल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जुने जंतू बऱ्याच अंशी परततात. प्रतिरोधक सगळेच हटत नाहीत. १९६१ नंतरही 'चावी' आपल्याकडेच राहिली आहे.